निर्जन प्रदेशाचा फलक

फलक स्वतःच बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. हिमशिखरांखालच्या कुरणात, तळ्याकाठी, राष्ट्रीय उद्यानाचा नवा फलक उभा राहिला आणि गरजला, "हा प्रदेश निर्जन आहे!"

मार्मोट नावाची लठ्ठ रानखार बिळातून डोकावली. "अहो, मग आम्ही कोण?"

"बाई, जन म्हणजे माणसं. व्याकरण शिका. उद्या तुमच्या बिळावर पर्यटकांचे तंबू लागतील."

"मग प्रदेश निर्जन कसा उरेल? तुमचंच व्याकरण चुकेल."

दुसऱ्या दिवशी पर्यटक दिसताच फलक किंचाळला, "मागे फिरा! तुमच्यामुळे मी अशुद्ध ठरतो!" घाबरून सगळे तंबूंसकट पळाले.

रानखारीने फलकाच्या खांबावर पाठ खाजवली. "फार विद्वान माणूस हो तुम्ही!"

"माणूस नका म्हणू, बाई," फलक कळवळला, "नाहीतर मलाही जावं लागेल."