मुशीचं माहेर

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. खाडीच्या तोंडाशी खारवली नावाचं गाव होतं आणि तिथे तानू तांडेल राहायचा. मुशी, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचा लहान शार्क, ती धरावी तर तानूनंच. पाण्याचा नुसता वास घेऊन तो मुशी कुठे आहे ते सांगायचा, असं म्हणतात. गर्वही भारी. मोठी मुशी मिळाली की तिच्या पाठीचा मणका गळ्यातल्या माळेत ओवायचा. मणक्यावर नारळाच्या खोडासारखी वलयं असतात, वर्षाला एक. जितकी वलयं जास्त, तितकी स्वारीची मान ताठ.

मुशीच्या कालवणानं बाळंतिणीला दूध येतं, अशी गावाची समजूत. पोटुशी मुशी विणीला खाडीच्या उथळ पाण्यात यायची, तीच तानू हेरून धरायचा. पुढे मुश्या कमी होत गेल्या. लोक आपले दर्याला बोल लावत राहिले.

मग तानूची एकुलती एक लेक आवडी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला, पण दूध काही उतरेना. रडून रडून बाळाचा आवाज बसला. तानू होडी घेऊन निघाला, दर्या पालथा घातला, आणि शेवटी खाडीतच एक मुशी सापडली. अंगणात चिरली तर पोटात पिल्लं, काही अजून वळवळत होती. तानूनं मोठ्या कौतुकानं मणका धुतला आणि लेकीच्या हातावर ठेवला. आवडीनं वलयं मोजली, पुन्हा मोजली.

“बाबानू, ही माज्याच वयाची हाय,” ती म्हणाली. “इतक्या वर्सांनी कुठं पोरं व्हनार व्हती तिला. ती पन मायेरीच आली व्हती.”

कालवण तिनं तोंडाला लावलं नाही. तानूला लेकीसमोर उभं राहवेना, इतकी लाज वाटली. जिवंत पिल्लं हंड्यात घेऊन तो खाडीत गळाभर पाण्यात उतरला. माळ तोडून टाकली आणि सगळ्या गावादेखत रडला. त्याची आसवं पडली तिथलं पाणी दुधासारखं पांढरं झालं आणि पिल्लं त्यात तरली, असं म्हणतात. त्याच घटकेला आवडीला पान्हा फुटला.

घरात आनंद झाला, पण तानूनं नातवाला कधी मांडीवर घेतलं नाही. कुणी आग्रह केला की म्हणायचा, “माजे हात चांगले नायत.”

त्या जागेला आजही मुशीचं माहेर म्हणतात. विणीच्या दिवसांत तिथे कोणी जाळं टाकत नाही. आणि खारवलीची लेक बाळंत झाली की तिचा बाप आधी त्या पाण्यात उतरतो, खाली मान घालून हात धुतो, मगच नातवंडाला उचलतो.