कोंडाईचे फुटाणे

फार वर्षांपूर्वी, आमच्या पिंपरतळ्याला अजून तळंच नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. तेव्हा गावाचं नाव नुसतं पिंपरी होतं. शाळा नवी होती, एकच खोली, एकच गुरुजी. आणि गावामागच्या डोंगराला काही नाव नव्हतं. डोंगर म्हटलं की तोच.

त्या वेळी वेशीपाशी कोंडाबाई नावाची एक भडभुंजीण राहायची. हरभरे भाजून फुटाणे करायची, ज्वारीच्या लाह्या करायची. तिला पुढं ना मागं कुणी. मातीची भट्टी, लोखंडी कढई, कढईत काळी वाळू, आणि हातात झारा. दिवसभर भुस्सा उडून तिच्या केसांवर बसायचा, म्हणून गावातली पोरं तिला चिडवायची, "कोंडाबाई कोंडा, डोक्यावर कोंडा!" ती नुसता झारा उगारायची. पण पोरं लांब पळाली की पाठमोरी हसायची, असं म्हणतात.

मग एका वर्षी तळं खोदायचं ठरलं, आणि ते खोदायला तेलंगणातून माणसं आली. दगड फोडणारी, माती उपसणारी. डोंगराच्या पायथ्याला त्यांची पालं पडली. त्यांची भाषा तेलुगू. गावाला त्यांचं कळेना, त्यांना गावाचं कळेना. तरी गुरुजी मनानं चांगले. ते म्हणाले, पोरं आहेत तर शाळेत येऊ द्या. आली. दहा-बारा आली.

आता गंमत ऐका. पहिल्याच दिवशी गुरुजींनी एका मुलाला मायेनं हाक मारली, "ये रे पोरा!" तर तो मुलगा उठला आणि रडत घरी गेला. दुसऱ्याला म्हणाले, "बस पोरा, बस." तोही गेला. गुरुजींना वाटलं, ही पोरं हट्टी आहेत. त्यांना कुठं ठाऊक, की तेलुगूत 'पो रा' म्हणजे 'चालता हो रे'!

त्या पोरांत मल्लव्वा नावाची एक आठ वर्षांची मुलगी होती. सगळे तिला मल्ली म्हणायचे. तिला शाळेचं फार वेड. सगळ्यांत आधी येऊन ती दाराशी बसायची. एक दिवस तिनं बघितलं, शेजारी बसलेल्या सुमनच्या चवड्याखाली, फाटक्या सतरंजीच्या घडीत काहीतरी हललं. सुमन म्हणजे पाटलांची लेक. मल्ली ओरडली, "तेलू! तेलू!"

गुरुजी फळ्याकडं तोंड करून लिहीत होते. ते म्हणाले, "तेल? आता कशाला गं तेल? शाळा सुटल्यावर लाव डोक्याला." सगळा वर्ग हसला. सुमनही हसली, आणि हसता हसता तिनं पाय सरकवला.

तेलुगूत तेलू म्हणजे विंचू.

विंचवाचं नाव काढलं तरी माझ्या अंगावर काटा येतो, तेव्हा सुमनच्या आईचं काय झालं असेल! डंख बसला, आणि तीन दिवस सुमन तापानं फणफणली. चौथ्या दिवशी तिनं डोळे उघडून पेज मागितली, तेव्हा कुठं पाटलांच्या घरची चूल पेटली. पण गावानं बोल लावला तो मल्लीला. "विंचू दिसला तर विंचू म्हणावं की! तेल काय म्हणते!" पाटलांनी चावडीवर सांगून टाकलं, "त्या पालातल्या पोरांनी आधी भाषा शिकावी, मग शाळेत यावं."

कोंडाबाई लाह्यांचं सूप घेऊन तिथंच उभी होती. ती म्हणाली, "पाटील, हरभरा भट्टीत घातलाच न्हाई, तर त्याचा फुटाणा व्हायचा कसा?"

"तू फुटाणे भाज, कोंडाबाई. भाषेचं तुला काय कळतंय?"

"न्हाई कळत. पण तुमाला बी कळाली असती, तर लेकीला विंचू डसला नसता."

पाटलांचा चेहरा तांबडा झाला. ते म्हणाले, "बरं तर. जत्रेला चार महिने आहेत. तवर त्या मल्लीला शिकव. जत्रेत देवीसमोर बोलली तर पोरं शाळेत. न्हाई बोलली तर तळं झालं की पालं उचलायची, आणि मग कुणी शाळेचं नाव काढायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी मल्ली भट्टीपाशी आली. मान खाली, डोळे सुजलेले. कोंडाबाईनं छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "मी कोंडा. कोंडाबाई." तर मल्ली एकदम हसायलाच लागली! तिनं डोंगराकडं बोट केलं. "कोंडा!" मग कोंडाबाईकडं बोट केलं. "कोंडा?" तेलुगूत कोंडा म्हणजे डोंगर.

कोंडाबाई झारा हातात धरून उभीच राहिली. साठ वर्षं ती भुस्सा होती, आणि एका पोरीनं तिला डोंगर केलं. असं म्हणतात, की त्या दिवशी तिची पहिली कढई करपली. जन्मात तेवढी एकच.

मग तिनं ठरवलं, आधी पोरीनं तिचा शब्द द्यायचा, मग आपण आपला. मल्ली दगड दाखवून म्हणायची 'रायी', मग कोंडाबाई म्हणायची 'दगड'. आणि तो दगड दोघींच्या हातात फिरायचा. पाणी हातावर ओतून शिकायचं. गरम शिकायचं ते भट्टीपाशी तोंड नेऊन. दिवसाला चारच शब्द. मल्ली अजून दे म्हणायची, तर कोंडाबाई सांगायची, "कढईत मूठभरच घालायचं बाई. ढीग घातला की वरचे कच्चे आणि खालचे काळे."

आणि नुसता शब्द ती कधी देत नसे. विंचू म्हटलं की लगेच, "विंचू दगडाखाली राहतो. विंचू नांगी मारतो. विंचू दिसला तर उठ म्हणायचं, पळ म्हणायचं." सगळं करून दाखवायची, म्हातारी कंबरेचा आकडा करून नांगी उगारायची. पोरगी हसून लोळायची.

पण खरी युक्ती पुढंच आहे. फुटाणा एकदा भाजून होत नाही. हरभरा तापवायचा, पाण्याचा हबका मारायचा, झाकून निजवायचा, आणि दुसऱ्या दिवशी परत वाळूत घालायचा. तेव्हा तो टचकन उलतो. कोंडाबाईनं शब्दांचं तसंच केलं. आजचा शब्द उद्या विचारायचा. मग दोन दिवस त्याचं नावच काढायचं नाही, निजू द्यायचं. मग बाजारच्या दिवशी अचानक, सामान बांधता बांधता, "मल्ले, ते चाळणीशेजारचं काय गं?" आठवलं तर मूठभर फुटाणे. नाही आठवलं तर बोलणं नाही की टोमणा नाही. जे दाणे फुटत नाहीत त्यांना गणंग म्हणतात. कोंडाबाईनं आयुष्यात गणंग फेकला नाही. बाजूच्या वाटीत ठेवायची, दुसऱ्या दिवशी परत वाळूत.

गावात मात्र पाटील विचारायचे, "काय कोंडाबाई, तुझा गणंग फुटला का?"

"फुटंल," ती म्हणायची. "तुमी तुमच्या दातांची काळजी करा."

फुटाण्यांच्या वासानं पालातली बाकीची पोरं आली. मग गावातली पोरं आली. मग एक दिवस सुमन आली, अजून जरा लंगडत. ती मल्लीसमोर उभी राहिली. मल्ली भ्याली. सुमन म्हणाली, "तू मला सांगत होतीस ना गं? मी हसले." आणि तिनं मूठ पुढं केली. मूठ रिकामी होती. शब्द मागायला आली होती ती. मल्लीनं तिला पहिला शब्द दिला, तेलू. सुमन तो असा घोकायची की झोपेतसुद्धा म्हणायची. शेवटी गुरुजीही आले, मुकाट्यानं पोरांच्या मागं बसले, आणि 'पो रा'चा अर्थ कळला तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. त्या दिवसापासून ते हाक मारू लागले, "ये बाळा."

असं म्हणतात, की ज्या पोराला शब्द पक्का आला, त्याच्या समोर कढईतला एक हरभरा आपोआप उडायचा. आच नसली तरी.

जत्रा आली. देवीसमोर गाव बसलं, आणि तेलंगणातली माणसं जरा लांब बसली. मल्लीचा बाप हात जोडूनच बसला होता. पाटील मधोमध, घोंगडीवर. गुरुजींनी एकेक वस्तू उचलून दाखवली. मल्लीनं सगळ्यांची नावं सांगितली. चाळणी, सूप, शेंदूर, नारळ, उंबरा. एकही चुकली नाही.

पाटील म्हणाले, "पोपट बी बोलतो. हिला चार शब्दांचं बोलणं येतं का, ते बघू द्या. बोल गं काहीतरी."

एवढं गाव बघत होतं. मल्ली उभी राहिली, ओठ हलले, पण आवाज नाही. कोंडाबाईनं डोळे मिटले.

तेवढ्यात सुमन किंचाळली, "तेलू! तेलू!"

आणि काय सांगू! गावातली पोरं, पालातली पोरं, सगळी एका उडीत उठली. तेलंगणातली माणसं उठली. गुरुजी धोतर सावरत उठले, आणि त्यांना बघून बाकी गावही उठलं. बसून राहिले ते एकटे पाटील. इकडंतिकडं बघत म्हणाले, "तेल? कुणाला पाहिजे तेल?"

मल्ली पुढं झाली. सावकाश, एकेक शब्द हातात घेऊन बोलावं तशी बोलली.

"पाटीलकाका, हलू नका. तुमच्या मांडीजवळ विंचू आहे. आता डावीकडनं उठा."

पाटील उठले. गुरुजींनी चिमट्यानं विंचू उचलून लांब नेला. मग पाटलांनी पागोटं काढलं, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "कोंडाबाई, फुटला गं तुझा गणंग. आता जरा माझ्याकडं बघ. मी अजून कच्चाच आहे." मग जी हसाहस झाली, ती तळ्याच्या बांधापर्यंत ऐकू गेली. आणि तिकडं वेशीपाशी थंड भट्टीवरच्या कढईतले सगळे हरभरे एकदम फुटले, असं म्हणतात. देवीच्या पायाशीही चार येऊन पडले.

तळं झालं. पण सगळी पालं उठली नाहीत. मल्लीचं घर इथंच राहिलं, आणि पुढं ती याच शाळेत बाई झाली. कोंडाबाई पुष्कळ जगली. एक दिवस भट्टी विझवून, झारा मल्लीच्या हातात देऊन ती डोंगराकडं चालत गेली. कुणी म्हणतं, डोंगरानं तिला वाट दिली. कुणी म्हणतं, ती चालता चालताच डोंगर झाली. उन्हाळ्यात तिकडनं वारा आला की भाजलेल्या हरभऱ्याचा वास येतो. तो मी स्वतः घेतलाय.

तेव्हापासून डोंगराला नाव आहे, कोंडाई. आमच्या गावात विंचू दिसला की कुणी विंचू म्हणत नाही, तेलू म्हणतात. नव्या सुना पहिल्यांदा तेलाची बाटली शोधायला धावतात, मीही धावले होते. आणि शाळेच्या पहिल्या दिवशी नव्या पोराला लगेच काही शिकवत नाहीत. आधी त्याच्या मुठीत फुटाणे देतात आणि सगळा वर्ग त्याच्याकडं बघत गप्प बसतो. त्यानं त्याच्या घरचा एक शब्द द्यायचा.

यंदा वीटभट्टीवरचा एक मुलगा आला होता, लांबच्या मुलखातला. बराच वेळ तो नुसता मूठ आवळून उभा होता. कुणी घाई केली नाही. मग त्यानं खिडकीतून डोंगराकडं बोट केलं आणि त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला. तीस पोरांनी ते एका सुरात परत म्हटलं, आणि मग सगळ्यांनी मिळून त्याला आपला शब्द दिला, "कोंडाई."