दर्याकडचं घर

सातासमुद्रापलीकडच्या सम्राटाची बारा जहाजं खारवलीच्या खाडीत शिरली आणि राजाच्या तोंडचं पाणी पळालं. सम्राटाचा एलची, म्हणजे त्याचा वकील, तोऱ्यातच दरबारात आला. शेजारच्या पाच राज्यांचे कारभारीही शिक्के घेऊन बसले होते. खारवलीने सम्राटाशी करार केला की तेही करणार होते.

एलची गरजला, "या किनाऱ्यावर चाच्यांचा धुमाकूळ आहे. किल्ले आमच्या हवाली करा. आमच्या तोफा असताना कुणाच्या केसालाही धक्का लागणार नाही!"

सगळ्यांच्या नजरा किल्लेदारीण सगुणाबाईंकडे वळल्या. त्या हसतच उठल्या.

"किल्ला आजच घ्या, साहेब. फक्त आमची रीत पाळा. किल्ला राखणाऱ्याचं बिऱ्हाड तटाबाहेर, दर्याच्या तोंडाशी असतं. चाचे आले, तर आधी त्याच्याच दारात येतात. म्हणून पहाऱ्यावर कुणाचा डोळा लागत नाही. माझी लेकरं तिथंच वाढली. मडमसाहेब तुमच्या जहाजावर आहेतच; त्यांच्यासाठी शेजारचं घर आत्ता सारवून घेते."

एलची ताडकन ओरडला, "माझी बायको तिथं? तिच्या जिवाला काही झालं तर?"



"साहेब," सगुणाबाई म्हणाल्या, "ज्या तोफांच्या भरवशावर तुम्ही बायकोला ठेवत नाही, त्यांच्या भरवशावर आम्ही सहा राज्यं ठेवायची?"

पाचही कारभाऱ्यांनी आपापले शिक्के मुकाट्याने पुन्हा कमरेला खोचले.