मधल्या स्वराची किल्ली

एका राज्यात, जिथे समुद्र दिवसातून दोनदा राजवाड्याच्या पायऱ्यांना मुजरा करून जाई, तिथे भद्रकेतू नावाचा राजा होता. राजा शूर, राजा दानी, पण हट्टी म्हणजे भलताच हट्टी. एके दिवशी लाटांनी कुटिलाक्ष नावाच्या मांत्रिकाची सोन्याने भरलेली पेटी किनाऱ्याला आणून टाकली. पेटीवर एक धनेश पक्षी बसला होता. तो मोठी चोच उघडून म्हणाला, "राजा, ही उघडू नकोस. उघडणाऱ्याचं जे सर्वांत लाडकं, ते दगड होईल."

राजा हसला आणि त्याने कुलूप फोडले. त्याच घटकेला अंगणात नाचत असलेली राजकन्या मृणालिका जागच्या जागी थबकली. तिची दोन्ही पावले दगडाची झाली होती.

राजाच्या तोंडचे पाणी पळाले. मुकुट बाजूला ठेवून तो पक्ष्यापुढे बसला. "पक्षिराज, उपाय सांगा."

"तीन मुलुखांची तीन वाद्ये हिच्यासमोर एकजीव वाजली तर शाप उतरेल. दिवस तीन, संधी तीन. वादन फसलं की दगड वर चढेल. तिसरा सूर्य बुडाला, की ही कायमची मूर्ती."

दवंडी पिटली गेली. बंदरातल्या गलबतांवरून तिघे धावत आले. इराणची फरंगीस आली, तिच्या काखेत बहात्तर तारांचे संतूर. मिसरचा इद्रिस आला, त्याच्या पोटाशी ऊद नावाचे गुबगुबीत तंतुवाद्य. यवन बेटांवरचा लिआंद्र आला, त्याच्या हातात गजाने वाजवायची तीन तारांची लीरा.

"तात," मृणालिका म्हणाली, "आज वाट पाहायला मला खुर्चीही नको. उभी तर आहेच."

लेक हसत होती, पण राजाला रडू आवरेना.

फरंगीसने एक चाल गुणगुणून दाखवली. समुद्रावर गेलेल्या घरधन्याची वाट पाहणाऱ्या बायकांची ती चाल होती. ती ऐकताच इद्रिस उठून उभा राहिला. "हे तर आमचं गाणं!"

"तुमचं कसं?" लिआंद्र ओरडला. "माझ्या आईचं आहे ते!"

शब्द तीन भाषांतले, चाल एकच! तिघांना इतका आनंद झाला, की चर्चा न करताच त्यांनी वाद्ये उचलली. तिथेच घोटाळा झाला. फरंगीस संथ चालली, इद्रिस प्रत्येक वळणावर रेंगाळला, लिआंद्र तर उड्याच मारीत सुटला. जो तो आपल्या आईचे खरे करीत होता. दगड कमरेपर्यंत चढला.

दुसऱ्या दिवशी तिघे शहाणे झाले. फरंगीसच्या संथ चालीनेच जायचे ठरले. ती हात धुवायला गेली असताना लिआंद्रने सहज तिच्या संतुरावरून बोट फिरवले आणि दचकला. एक स्वर कोमल गांधारही नव्हता, शुद्ध गांधारही नव्हता; दोघांच्या मध्येच कुठेतरी अडकला होता. 'बिचारीच्या तारा उतरल्या,' त्याला वाटले. उतरलेली तार दिसली आणि हात स्वस्थ बसला, असा वादक अजून जन्मायचा आहे. त्याने शेजारी पडलेली तारा पिळायची किल्ली घेतली, त्या स्वराच्या चारही तारा चढवून शुद्ध केल्या, आणि केलेली मदत बोलून दाखवू नये म्हणून गप्प राहिला.

वादन सुरू झाले. किती सुरेख चालले होते! मग तो स्वर आला. फरंगीसच्या हातातल्या काठ्या अडखळल्या, गाणे कोसळले, आणि दगड मृणालिकेच्या गळ्याशी येऊन थांबला. आता तिला बोलताही येईना. नुसते डोळे तेवढे हलत होते.

तिसरा दिवस सगळा भांडणात आणि शोधात गेला. तार बिघडली कशी? फरंगीस स्वतःलाच दोष देत होती, आणि कारण कळल्यावाचून शेवटची संधी घ्यायला कुणी धजेना. सूर्य समुद्रापासून हातभर उरला, तेव्हा लिआंद्रला राहवेना.

"किल्ली मी फिरवली," तो म्हणाला. "मला वाटलं, तार उतरली आहे."

राजाचा हात तलवारीवर गेला. फरंगीस मध्ये उभी राहिली. "महाराज, आधी गाणं." मग ती लिआंद्रकडे वळली. "ती उतरली नव्हती. माझी आई याच स्वरावर थांबून दाराकडे बघायची."

इद्रिस चपापला. "आमच्याकडेही मधला स्वर आहे. पण तुमच्याहून केसभर वर. दोन्ही दिवस मी माझाच लावत होतो."

फरंगीसने चारही तारा भराभर पूर्ववत केल्या. "माझ्या तारा एकदा लावल्या, की जागच्या हलत नाहीत. तुमच्या वाद्यांना पडदे नाहीत. तुमची बोटं सरकू शकतात. याल माझ्याकडे?"

"येतो," दोघे एकदम म्हणाले.

सूर्याची कड पाण्याला लागली. संतूर निघाले, ऊद त्याच्या पाठीला लागला, लीरा दोघांच्या मधून वाहू लागली. तो स्वर आला! इद्रिसचे बोट केसभर खाली उतरले, लिआंद्रचे तिथेच येऊन टेकले, आणि तीन मुलुखांच्या तीन आया एकाच दारात उभ्या राहिल्या.

टप्.

आवाज कुणाच्याच वाद्याचा नव्हता. टप्, टप्. दगडी पायाचा अंगठा ठेका धरीत होता! मग टाच हलली, मग पैंजण वाजले, आणि गळ्याशी आलेला दगड वाळूसारखा झरझर खाली ओघळला.

"थांबू नका!" मृणालिका ओरडली. "माझं नाचणं अर्धवट राहिलंय!"

कुणीही थांबले नाही. राजाने स्वतःच्या खांद्यावर पेटी वाहून समुद्रात लोटली आणि येऊन लेकीसोबत वेडावाकडा नाचला. धनेश उडून गेला.

त्या बंदरात तेव्हापासून रीत पडली: ज्याच्या तारा हलत नाहीत, त्याने पहिला स्वर द्यायचा, बाकीच्यांनी तिथे यायचे. आणि फरंगीसने आपली किल्ली ठेवायला दिली ती लिआंद्रकडे. जन्मभर ती त्याच्या कमरेला होती. फरंगीसला विचारल्यावाचून त्याने ती एकदाही फिरवली नाही.