कप्तानाची गोळी

अफूचं पीक औषधापुरतंच घ्यावं आणि तिचा चोरटा व्यापार मोडून काढावा, या ठरावासाठी देशोदेशीचे प्रतिनिधी जमले होते. हिंदुस्थानातून डॉक्टर अनसूया टिपणीस आल्या होत्या. अफूने पोखरलेले हमाल त्यांनी दवाखान्यात रोज पाहिले होते, त्यामुळे ठराव पडतो की काय या धास्तीने त्यांचा जीव खालीवर होत होता.

धास्ती होती ती पेंबर्टन साहेबांची. अफूच्या पेट्या वाहून गब्बर झालेले हे जहाजमालकही प्रतिनिधी म्हणून आले होते. ते ऐटीत म्हणाले, "उगाच बाऊ कशाला? माझे हमाल रोज अफूची गोळी खातात. हात स्थिर राहतो, डोकं थंड राहतं!"

कित्येकांनी माना डोलावल्या. तेवढ्यात अनसूयाबाई हसत उठल्या.

"मग साहेब, परतीच्या प्रवासात तुमच्या कप्तानालाही एक गोळी द्याल ना?"

"कप्तानाला?" साहेब ओरडले. "बाई, माझं जहाज बुडवायचंय का?"

सभागृहात एकच हशा उसळला. तो ओसरल्यावर अनसूयाबाई म्हणाल्या, "हमालांचे संसारही असेच बुडतात, साहेब."

ठराव टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झाला. वर झालेल्या हातांत, लाजेकाजेस्तव का होईना, पेंबर्टन साहेबांचाही हात होता.