बानाच्या डोक्यावरची माती

“टोपी काढल्यावरच पडते, की टोपीच्या आतही?”

“आतही. येताना वाटेत तीनदा झटकली,” विदोस्लाव म्हणाला.

भर दुपारी दोघे गुहेच्या तोंडाशी बसले होते. मावर बाबा त्या डोंगरातले जुने वैरागी. चाळीस वर्षांपूर्वी विदोस्लावला पहिली अक्षरं त्यांनीच गिरवायला लावली होती. आता तो क्रोएशियाचा बान होता. हंगेरीच्या राजाच्या वतीने समुद्रापर्यंतचा सगळा मुलूख त्याच्या हुकमात होता, आणि त्याचं नाव निघालं की लोक आवाज खाली आणत.

“लहानपणी शाई सांडायचास,” बाबा म्हणाले. “आता माती. चालायचंच.”

विदोस्लावला हसू आलं नाही. त्याने टोपी काढली. डोकं तुळतुळीत भादरलेलं होतं. त्यावर कणभरही काही नव्हतं.

तो जरासा वाकला, आणि चिमूटभर ओली माती दगडावर पडली.

…

“उद्या राजा येतोय. मला पुन्हा बानाची मुद्रा द्यायला. त्याच्यापुढे उघड्या डोक्याने गुडघे टेकायचे आहेत, बाबा. तिथे ही पडली, तर लोक काय ते ओळखतील. जमिनीची खोटी शपथ घेणाऱ्याचा हात तोडतात. माझ्याच हुकमाने तोडतात.”

“म्हणजे खोटी घेतली होतीस?”

“मुळीच नाही! काहीही मागा, मठ बांधून देतो. फक्त शपथ घेतलेली ती दरी मागू नका. मिठाचा रस्ता तिच्यातून जातो, आणि माझं बानपद त्या रस्त्यावर उभं आहे.”

“मी कुठे काय मागितलं?”

मग विदोस्लावने आपणहून सांगायला घेतलं.

नऊ वर्षांपूर्वी त्या दरीवरून तंटा झाला होता. दोब्रा नावाची विधवा म्हणत होती, दरी माझ्या नवऱ्याची. तेव्हा रिवाजाप्रमाणे कबरीसारखा खड्डा खणला गेला, पुरुषभर खोल. दावा सांगणाऱ्याने कमरेचा पट्टा सोडून, अनवाणी त्यात उतरायचं. तिथल्या मातीचं ढेकूळ दोन्ही हातांनी डोक्यावर धरायचं आणि म्हणायचं, मी उभा आहे ती माती माझी.

“आणि ती माझीच होती,” विदोस्लाव म्हणाला. त्याची छाती अजूनही फुगली. “आदल्या संध्याकाळी माझ्या किल्ल्याच्या अंगणातली सहा पोती माती मी तळाशी पसरून घेतली होती. देवापुढे एक शब्द खोटा बोललो नाही.”

बाबांनी दगडावरची चिमूट बोटांत चुरली. तिच्यात कोळशाची कणी होती.

“दरीतली माती काळी. ही तांबूस आहे. ही तुझ्या अंगणातली, लोहाराच्या भट्टीजवळची.”

“मग झालं तर! माझीच माती!”

“तुझीच. पण ते ढेकूळ तू नऊ वर्षांपूर्वीच खाली ठेवलंस ना रे? मग माती अजून डोक्यावरून कशी पडते?”

…

कड्यावर एक घार ओरडली आणि थांबली.

“खड्ड्यातून बाहेर कसा आलास, विदो?” बाबांनी विचारलं.

“बाहेर आलो आणि तीन किल्ले घेतले.” चिमूटभर माती पडली. “व्हेनिसवाल्यांना बंदरातून हाकललं.” आणखी चिमूटभर. “पोरगी राजाच्या पुतण्याला दिली. तो राजा गेला, तेव्हा पुढच्याला मीच गादीवर…”

दगडावर वीतभर उंच ढीग झाला होता.

“हे सगळं नंतरचं,” बाबा म्हणाले. “खड्डा पुरुषभर खोल, तुझे हात डोक्यावर. वर कोणी ओढलं?”

“ब्रातोशने. माझ्या सरदाराने.”

हे म्हटलं आणि त्याच्याच लक्षात आलं. ब्रातोश त्या शपथेच्या आदल्या वर्षीच लढाईत पडला होता. त्याला मूठमाती विदोस्लावनेच दिली होती.

तो आठवू लागला. तळव्यांना लागलेला गारवा आठवला. काठावर उभ्या असलेल्या दोब्राचा काळा झगा, तिच्या डोक्यावर आभाळाची चिंचोळी पट्टी. एक पाकोळी ती पट्टी ओलांडून गेली होती. त्यानंतर…

त्यानंतर तीन किल्ले. मधे काहीच नव्हतं.

जाड बुटांतही त्याचे तळवे गार पडले. खांदे भरून आले होते, नऊ वर्षं हात खाली न आल्यासारखे. त्याने वर पाहिलं. भर दुपारचं एवढं मोठं आभाळ, आणि त्याला त्याची एक पट्टीच तेवढी दिसत होती.

“बाबा,” तो म्हणाला. आवाज खोलातून आल्यासारखा निघाला. “हात द्या.”

मावर बाबांनी हात पुढे केला. अगदी त्याच्या तोंडापुढे आणला.

विदोस्लावला तो धरता येईना.

“मी दिलाय रे बाळा,” बाबा म्हणाले. “तुझा कोणता मोकळा आहे?”