बारा अंकांचा गर्विष्ठ आकडा

राजा गुमानसिंहाने अकरा गावांच्या पाटाचं पाणी तोडलं आणि आपल्या बागेतल्या कारंज्यांकडे वळवलं. शेतात ऊस वाळू लागला, बागेत कारंजी थुईथुई नाचू लागली! गावकरी दरबारात आले, तेव्हा राजा म्हणाला, "पाण्याच्या बारीवरून तुम्ही भांडता. मला भांडणं आवडत नाहीत. म्हणून वाटणीच बंद!"

"काय हा न्याय!" दरबारी गहिवरले.

"तरी एक संधी देतो," राजा म्हणाला. "माझ्याजवळ एक आकडा आहे. बारा अंकी! पुढून वाचा, मागून वाचा, सारखाच. अगदी माझ्यासारखा, येताना पाहा, जाताना पाहा, रुबाब तोच! त्याचे सारखे वाटे पाडून दाखवा. जितके वाटे पडतील तितकेच पाण्याचे करीन, आणि उरेल ते माझ्या कारंज्यांना. एकाने भागलं, त्याला त्यानेच भागलं, असल्या पळवाटा चालणार नाहीत. मी आकडा एकदाच म्हणेन. माझा विडा संपायच्या आत उत्तर हवं. चुकलात, तर पाट कायमचा बुजवीन!"

राजगणिती दिगंबरशास्त्री मिशीत हसले. "त्याचे वाटे पडत नाहीत. मी स्वतः भागून पाहिलंय!"

गावकऱ्यांचे चेहरे उतरले. इतक्यात पाटकऱ्याची मुलगी गोजरा पुढे आली. बाप आजारी पडल्यापासून कोणत्या गावाला कधी पाणी सोडायचं, ते तीच पाहायची.

"म्हणा महाराज तुमचा आकडा!"

राजाने विडा तोंडात टाकला. "सात... तीन... नऊ..."

"पुरे! अकराने भाग जातो!"

विडा राजाच्या घशातच अडकला. "अगं, अजून नऊ अंक बाकी आहेत!"

"असू देत. तुम्हाला दम लागेल!"

"अंदाजाने ठोकतेय!" शास्त्री ओरडले.

"मग करा की भागाकार, शास्त्रीबुवा."

पाटी आली. शास्त्र्यांनी पूर्ण आकडा मांडला: ७३९१८४४८१९३७. घाम पुसत, खोडत, पुन्हा मांडत ते शेवटच्या अंकापर्यंत पोचले.

"बाकी किती?" राजाने विचारलं.

"शून्य, महाराज."

"तुम्ही तर भागून पाहिला होता!"

"दोनपासून दहापर्यंत पाहिला होता, महाराज. मग... बोटं संपली."

राजा गोजराकडे वळला. "पोरी, पूर्ण न ऐकताच तुला कसं कळलं?"

"आमच्या पाटाला दोन तीर आहेत, महाराज. एक बारी डाव्या तीराला, दुसरी उजव्या, पुन्हा डाव्या. तुमचे अंक तसेच एकाआड एक सोडले. आकडा उलटासुलटा सारखा आणि अंक बारा, म्हणून डावीकडे गेलेल्या प्रत्येक अंकाचा जोडीदार उजवीकडे जातोच. दोन्ही तीरांची बेरीज सारखी! आणि तशी ती आली की अकराने भाग जातो. हे कळायला आकडा कशाला ऐकायचा? तुमची बढाई ऐकली, तेवढी पुरे!"



"ठीक आहे," राजा सावधपणे म्हणाला. "पाण्याचे अकरा वाटे. पण उरेल ते माझं!"

"शब्द म्हणजे शब्द, महाराज. गावं अकरा, वाटे अकरा. आणि किती उरलं, ते शास्त्रीबुवांनी आत्ताच सांगितलं!"

राजाने पाटीवरचं शून्य पाहिलं. बाहेरच्या कारंज्यांकडे पाहिलं. "म्हणजे माझी बाग वाळणार? अगं, मलाही एखादी बारी देशील की नाही?"

"देईन की! अकरा गावांची शेतं भिजली, की मग तुम्ही. रांगेत बारावे!"

राजा आधी लाल झाला, मग त्याला हसू फुटलं, आणि तो इतका हसला की मुकुट मांडीवर पडला! त्याने बोटातली मुद्रा काढून गोजराच्या हातावर ठेवली. "आजपासून सगळ्या पाटाची मुख्य पाटकरीण तू! आणखी काय हवं, माग!"

"मला काही नको, महाराज. शास्त्रीबुवांना तेवढं एक अकरावं बोट द्या!"